स्वयंचलित सिंचन यंत्राची तारीख तपासा

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. या भागात उन्हाळी मिरची ठिबकवर घेतली जाते. मजुरांची टंचाई व रात्रीचा वीजपुरवठा यांमुळे पाणी सोडण्यासाठी टायमर किंवा कंट्रोलर बसविण्याकडे कल वाढत आहे. हे यंत्र आतील घड्याळाच्या हुकमावर चालते. घड्याळाची तारीख चुकली की पाण्याची पाळी चुकते. ऐन फुलोऱ्यात ताण बसल्यास मिरचीची फुलगळ होते आणि पाणी जास्त झाल्यास मूळकूज व मर वाढते. म्हणून ही चूक कशी होते हे समजून घेणे जरुरीचे आहे.

तारीख का चुकते?

पूर्वी संगणकात जागा वाचविण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. त्यामुळे 1 जानेवारी 2000 रोजी संगणक ते वर्ष 1900 समजतील अशी भीती होती. जगभर अगोदरच दुरुस्त्या झाल्या, म्हणून मोठे नुकसान टळले. या कामाने आपल्या देशातील संगणक कंपन्यांनाही मोठा रोजगार मिळाला. परंतु तारखेचे दोष तेथेच संपले नाहीत.

उपग्रहावरून वेळ घेणारी जीपीएस यंत्रे आठवडे मोजतात. जुन्या पद्धतीत 1024 आठवड्यांनंतर ही मोजणी पुन्हा शून्यावर येते. आपल्याकडील 7 एप्रिल 2019 च्या पहाटे असेच झाले. त्या वेळी न्यूयॉर्क शहराचे बिनतारी जाळे काही दिवस बंद पडले. पाणी मीटरची दुरून नोंद घेण्याचे कामही त्या जाळ्यावर चालत होते. पुढे 29 फेब्रुवारी 2024 रोजी न्यूझीलंडमध्ये लीप वर्षाचा दिवस न ओळखल्याने अनेक पेट्रोल पंपांवरील स्वयंचलित पैसे भरण्याची यंत्रे काही तास अडली.

पुढील धोक्याची तारीख

अनेक यंत्रे 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजतात. जुन्या 32 बिट पद्धतीत 214 कोटी 74 लाख 83 हजार 647 सेकंदांपर्यंतच मोजता येते. ही मर्यादा 19 जानेवारी 2038 रोजी सकाळी 8 वाजून 44 मिनिटांनी संपेल. त्यानंतर असे यंत्र 1901 साल दाखवू शकेल. जीपीएसची मोजणीही 21 नोव्हेंबर 2038 रोजी पुन्हा शून्यावर येणार आहे. सौर पंपाचे पॅनेल 20 ते 25 वर्षे टिकते. आज बसविलेला संच त्या वेळीही शेतात असेल, म्हणून ही बाब दूरची समजू नये.

नेहमी आढळणारे दोष

1) कंट्रोलरमधील बटण सेल संपल्यास वीज गेली की तारीख मूळ आकड्यावर जाते.

2) विषम तारखेला पाणी देण्याचा कार्यक्रम लावल्यास 31 व 1 तारखेला लागोपाठ पाणी मिळते.

3) जेथे आठवड्याने दिवसपाळी व रात्रपाळी बदलते, तेथे यंत्रातील वार चुकल्यास वीज नसताना पाण्याची वेळ येते.

काय करावे?

1) हंगामापूर्वी व नंतर दर महिन्याला तारीख, वार, वेळ तपासावी. वर्षाचा आकडा मुद्दाम पाहावा.

2) मुख्य वीज दहा मिनिटे बंद ठेवून पुन्हा सुरू करावी. तारीख बदलली असल्यास सेल बदलावा.

3) दिवसाआड पाणी देण्यासाठी विषम तारखेऐवजी ‘दर दोन दिवसांनी’ असा कार्यक्रम लावावा.

4) नवीन यंत्र घेताना ते 2038 नंतर चालेल काय, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. बिल व माहितीपुस्तिका जपून ठेवावी.

5) हाताने चालविण्याचे व्हॉल्व्ह काढून टाकू नयेत. महिन्यातून एकदा ते फिरवून पाहावेत.

6) पाणी व खत दिल्याची नोंद वहीत ठेवावी. यंत्रातील नोंद बिघडली तरी वही उपयोगी पडते.

7) वीज मीटरच्या पडद्यावर तारीख व वेळ चुकीची दिसल्यास महावितरणच्या कार्यालयात लेखी कळवून पोच घ्यावी. वेळेनुसार दर लागणाऱ्या मीटरवर याचा परिणाम बिलावर होतो. मीटर स्वतः उघडू नये.

वरील तपासणीस पंधरा मिनिटे लागतात व सेलचा खर्च किरकोळ असतो. त्यामानाने एक पाळी चुकल्यास होणारे नुकसान कितीतरी जास्त असते. यंत्राने श्रम वाचतात हे खरे, परंतु यंत्राला पिकाची तहान कळत नाही. तरी शेतकरी बंधूंनी यंत्र लावल्यानंतरही रोज शेतात फेरी मारून वाफसा पाहावा.