अंगठा दुखतोय? मग थांबा!

गेल्या आठवड्यात रत्नागिरीतील एक गृहस्थ कॉलेजात जाणाऱ्या मुलाला घेऊन आले. मुलाचा अंगठा दुखत होता आणि रविवारी मोबाईलवरील खेळांची स्पर्धा होती.

मी त्याला अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवायला सांगितले. तो कळवळला. अंगठ्याच्या कंडरांच्या आवरणाला सूज आली होती. चुरशीच्या सामन्यात छाती धडधडते, पापण्या लवायच्या कमी होतात, अंगठे मात्र थांबत नाहीत. रोज तासन्‌तास सराव केला की हे दुखणे जडते.

"डॉक्टर, हे व्यसनच ना?" वडिलांनी विचारले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली अशा व्यसनाला आजार मानले. पण खेळावर ताबा न राहणे, बाकी सारे मागे पडणे आणि नुकसान दिसूनही न थांबणे, हे साधारण वर्षभर चालले तरच. या मुलाचा अभ्यास, झोप व्यवस्थित होती. २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत या खेळांना पदकेही होती. "क्रिकेट खेळताना बोट दुखावले असते, तर तुम्ही एवढे रागावला असतात का?" मी विचारले.

तरीही रविवारची स्पर्धा मी सोडायला लावली. मुलगा हिरमुसला, पण दुखऱ्या अंगठ्याने खेळल्यास दुखणे लांबते. सध्या पट्टी आणि विश्रांती.

खेळणाऱ्यांनी दर वीस मिनिटांनी हात सैल सोडावेत, वीस सेकंद दूरवर पाहावे आणि रात्रीची झोप मोडू नये. बोटांना मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना दाखवावे.