डबा लपवण्याआधी

पहिल्यांदा जिओकॅश, म्हणजे इतरांनी जीपीएसने शोधायचा डबा, लपवायला निघालेल्या माणसाला नकाशावरची मोकळी जागा फार भुलवते. एवढ्या गर्दीत हा एक पट्टा कोणाच्या नजरेतून सुटला कसा, असं वाटतं आणि हात लगेच डबा शोधायला लागतात. खूण नाही म्हणजे डबा नाही, असा अर्थ मात्र कधीच काढू नका.

सिएटलजवळच्या रेडमंडमधून समामिश नदीच्या काठाने चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची एक लांबलचक वाट जाते. त्या वाटेच्या एका वळणाजवळ आम्हा मायलेकींना असाच पट्टा सापडला. सीडरच्या मुळांत हात जाईल एवढी पोकळी होती, वरून पावसाला आडोसा होता. लेकीने घट्ट झाकणाच्या डब्याला तपकिरी-हिरव्या पट्ट्या चिकटवल्या, लॉगबुकच्या पहिल्या पानावर सॅमन मासा काढला, आणि समुद्रातून या नदीत परतणाऱ्या माशांची गोष्ट कॅशच्या पानासाठी लिहिली. जागेच्या परवानगीसाठीही अर्ज केला. मग कॅश तपासून मंजुरी देणाऱ्या रिव्ह्यूअरचं उत्तर आलं: जवळच दुसऱ्या कॅशचा लपवलेला टप्पा आहे, इथे परवानगी देता येत नाही. कोणत्या कॅशचा, कोणत्या दिशेला, हे ते सांगू शकत नव्हते. तेच तर त्या कॅशचं गुपित. थोडं उत्तरेला सरकून पुन्हा पाठवलं, पुन्हा नकार. लेकीचे डोळे भरून आले. तिची गोष्ट त्या वळणाची होती, ती उचलून दुसरीकडे नेता येणार नव्हती.

जिओकॅशिंग डॉट कॉमचा नियम असा, की वेगवेगळ्या कॅशच्या दोन डब्यांत किमान 161 मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग अंतर हवं. हे अंतर सरळ रेषेत मोजतात, वाट कितीही वळणं घेवो. हिशेब करून पाहिला तर प्रत्येक डबा आपल्याभोवती सुमारे 20 एकरांचं वर्तुळ अडवून बसतो. ही बांध न दिसणारी शेतं आहेत.

मे 2000 मध्ये, जीपीएसच्या संकेतात अमेरिकी सरकारने मुद्दाम घातलेली चूक काढून टाकल्यावर, डेव्ह अल्मर यांनी ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ पहिली बादली लपवली. तेव्हा अंतराचा प्रश्नच नव्हता. आज जगभरात 30 लाखांहून अधिक कॅश आहेत. शोधणाऱ्याला भलताच डबा सापडू नये, एकाच झुडपाभोवती सगळ्यांची पावलं पडू नयेत, यासाठी हा नियम मला मनापासून पटतो. पण तो पाळायचा तर आधी न दिसणारे डबे ओळखायला शिकावं लागतं.

ट्रॅडिशनल कॅश सोपी असते, खूण जिथे तिथेच डबा. मल्टीमध्ये खुणेपासून पुढे आणखी टप्पे असतात. सर्वांत फसवी ती मिस्ट्री. तिचं प्रश्नचिन्ह कुठेतरी नुसतं टेकवलेलं असतं, खरा डबा कोडं सुटल्यावर मिळणाऱ्या अक्षांश-रेखांशांवर असतो, आणि तो त्या चिन्हापासून साधारण दोन मैलांपर्यंत, म्हणजे 3.2 किलोमीटरपर्यंत कुठेही असू शकतो. म्हणून मनात भरलेल्या जागेभोवती 3.2 किलोमीटरचं वर्तुळ काढा. त्यात येणाऱ्या कोणत्याही प्रश्नचिन्हाचा डबा तुमच्या झाडाखाली असण्याची शक्यता आहे. याउलट फलकावरचं साल वाचून पुढचा आकडा काढायचा, असा डबा नसलेला टप्पा जागा अडवत नाही. अर्थकॅशही अडवत नाही, तिथे डबाच नसतो. तात्पुरती बंद ठेवलेली कॅश मात्र आपली जागा धरून असते.

मग करायचं काय? त्या भागातली कोडी सोडवायची. आम्ही तेच केलं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लेक आणि मी कागद पसरून बसायचो. एका कोड्याचं उत्तर आलं आणि आमच्या वळणाच्या अगदी जवळचा बिंदू नकाशावर उमटला. तो डबा शोधून लॉगबुकात सही केली तेव्हा लेकीचा राग कुठल्या कुठे गेला, इतकी सुंदर जागा कोणीतरी आधीच निवडली होती. माझं तर ठाम मत झालं आहे, की ज्या भागात आपण भरपूर शोधलेलं नाही तिथे लपवायची घाई करू नये. दर वेळी थोडं सरकवून रिव्ह्यूअरकडे जागा पाठवत राहायची आणि नकारांवरून दुसऱ्याचा डबा हेरायचा, हा प्रकारही काही जण करतात. तो करू नका. त्यात कोडं रचणाऱ्याची मेहनत वाया जाते, आणि रिव्ह्यूअर हे काम स्वयंसेवक म्हणून, स्वतःचा वेळ देऊन करतात.

सगळी कोडी सुटणार नाहीत. तेव्हा डबा रंगवण्याआधी, गोष्ट लिहिण्याआधी कॅशचं पान उघडून त्यात फक्त अक्षांश-रेखांश भरा आणि जागा मोकळी आहे का, एवढंच रिव्ह्यूअरना विचारा. सोबत दुसरी-तिसरी जागाही हाताशी ठेवा. मोजताना 161 वर अडून बसू नका. दाट झाडीत फोनचा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होतो, म्हणून 180 मीटर तरी धरा. आणि नुसत्या अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांवरून अंतर ताडू नका: सिएटलच्या अक्षांशावर 161 मीटर म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे 0.087 मिनिटं, पण पूर्व-पश्चिम जवळजवळ 0.129.

आपल्यातले बरेच जण नोकरीपायी दर काही वर्षांनी गाव बदलतात. निघताना कॅश कोणा जवळच्या खेळाडूच्या नावावर करून द्या, किंवा तिचं पान कायमचं बंद करून डबा उचलून आणा. पान बंद होत नाही तोवर ते 20 एकर तुमच्याच नावावर राहतात, आणि नवीन कोणी विचारलं तर त्याला नकारच मिळतो.