उत्तर आले नाही, म्हणजे काय?

हजरत उमर (रजि.) यांच्या कन्या हफ्सा (रजि.) यांचे पती खुनैस बिन हुजाफा (रजि.) बद्रच्या युद्धात सहभागी झालेले सहाबी होते. मदीनेत त्यांचे निधन झाले, तेव्हा कन्येच्या पुनर्विवाहासाठी पित्याने स्वतः पुढाकार घेतला. (आपल्याकडे वधूपित्याने असे विचारणे आजही कमीपणाचे मानतात, कोणत्या आधारावर, हे मानणारेच जाणोत.) हजरत उस्मान (रजि.) यांनी विचार करण्यास वेळ मागितला आणि काही दिवसांनी नकार कळविला. मग उमर (रजि.) हजरत अबू बकर (रजि.) यांच्याकडे गेले. ते गप्पच राहिले. होकार नाही, नकारही नाही. सहीह बुखारीत स्वतः उमर (रजि.) सांगतात की, उस्मान यांच्या नकारापेक्षा अबू बकर यांच्या मौनाचा त्यांना अधिक राग आला.

हा राग आपल्याही परिचयाचा आहे. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आपण आजारपणाची बातमी टाकतो, निळ्या खुणा उमटतात आणि उत्तर येत नाही. मग रिकाम्या जागेत आपणच शब्द भरतो: पैसा आला, माणसे बदलली!

काही दिवसांनी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी हफ्सा (रजि.) यांना मागणी घातली व विवाह झाला. त्यानंतर अबू बकर (रजि.) यांनी होऊनच उमर (रजि.) यांच्याजवळ विषय काढला. प्रेषितांनी हफ्सांचा उल्लेख केल्याचे त्यांना ठाऊक होते. ते गुपित उघड करणे त्यांना मान्य नव्हते. ज्या मौनाने उमर दुखावले, ते अमानत राखण्यासाठी होते. सूरह अल्‌-हुजुरातच्या १२व्या आयतीत बऱ्याचशा संशयांपासून दूर राहण्याची आज्ञा आहे, ती अशाच प्रसंगांसाठी. राहिला सलामचा प्रश्न, तर समूहाला केलेल्या सलामचे उत्तर एकाने दिले तरी सर्वांची जबाबदारी फिटते. बाकीच्यांची नावे मोजत बसू नये.

मात्र मौनाचा अर्थ लावण्याची दुसरी, अधिक घातक तऱ्हा आहे. थोरला भाऊ ग्रुपवर लिहितो, ‘अब्बांचे घर विकत आहोत, हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे.’ बहीण काही लिहीत नाही. शनिवारी तिची संमती गृहीत धरली जाते आणि पुढे हक्कसोडपत्राचा कागद तिच्यासमोर येतो.

फिकहचा प्रसिद्ध नियम असा की, न बोलणाऱ्याच्या तोंडी कोणतेही विधान घालता येत नाही. हनफी फुकहांनी याचे उदाहरणच दिले आहे: आपली वस्तू परका विकत असताना मालक पाहत गप्प राहिला, तरी ती त्याची परवानगी ठरत नाही. कुमारिकेचे मौन हीच तिची संमती, या हदीसचा दाखला काही जण येथे देतात. ती सवलत निकाहाच्या प्रश्नावर लाजणाऱ्या मुलीसाठी आहे. विधवा व घटस्फोटितेला तर तेथेही स्पष्ट विचारावे लागते. मालमत्तेला ती लावण्यास कोणताही आधार नाही. बहिणीचा वाटा सूरह अन्‌-निसाने निश्चित केला आहे, मग वारसा थोडा असो वा फार.

तिला विचारायचेच असेल, तर तिच्या घरी जावे. तिचा वाटा किती रुपयांचा होतो हे आधी आकड्यांत सांगावे. ती ‘मला हवा’ म्हणाली तरी ईदला माहेरचे बोलावणे पूर्वीसारखेच येईल, हे भावाने स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवावे आणि तिचे उत्तर येईपर्यंत व्यवहार थांबवावा.