ग्रीन कार्डवर आलेल्या आईबाबांचा विमा: मेडिकेअर की मार्केटप्लेस?

आईबाबा ग्रीन कार्डवर एडिसनला किंवा फ्रीमाँटला राहायला आले, की जेट लॅग उतरायच्या आत घरात विषय निघतो, "दोघांची पासष्टी उलटलीय, मेडिकेअर मिळेलच ना?" अमेरिकेत मुरलेली मराठी मंडळी उत्तराआधी कार्ड बघायला मागतात. त्यावर 'रेसिडेंट सिन्स'खाली एक तारीख छापलेली असते. ती वाचताना महिना आधी, दिवस नंतर.

त्या तारखेपासून सलग पाच वर्षं अमेरिकेत काढल्याशिवाय अशा आईबाबांना मेडिकेअर मिळत नाही. दर हिवाळ्यात पुण्याला जाणाऱ्यांनी जपून राहावं, कारण सहा महिन्यांहून लांबलेला मुक्काम हे सातत्य मोडू शकतो. मेडिकेडलाही बहुतेक राज्यांत पाच वर्षांचीच आडकाठी आहे. मुलाच्या कंपनीच्या विम्यात आईवडील सहसा बसत नाहीत. उरतं ते मार्केटप्लेस, न्यू जर्सीत 'गेट कव्हर्ड एनजे', कॅलिफोर्नियात 'कव्हर्ड कॅलिफोर्निया'.

इथे डायबेटिस आहे किंवा बायपास झालीय म्हणून कोणी विमा नाकारू शकत नाही. परदेशातून राहायला आल्यावर नाव नोंदवायला ६० दिवस मिळतात. ते हुकले तर थेट नोव्हेंबरची वाट बघायची. प्लॅन सहसा निवडल्याच्या पुढच्या महिन्याच्या १ तारखेला सुरू होतो. मधल्या दिवसांसाठी व्हिजिटर इन्शुरन्स घेऊनच विमानात बसवा, असं अनुभवी घरं सांगतात.

हप्ता मात्र वयाप्रमाणे चढतो. न्यूयॉर्क आणि व्हरमाँट तेवढे याला अपवाद. हप्त्यात सरकारी मदत मिळते ती उत्पन्न बघून, आणि ग्रीन कार्डधारकाचं भारतातलं पेन्शन, फ्लॅटचं भाडं, एफडीचं व्याज हे सगळं त्यात धरतात. उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली असलं तरी नव्या स्थलांतरितांना पूर्वी ही मदत मिळे. ती सवलत १ जानेवारी २०२६ पासून बंद झाली. दोघांच्या कुटुंबासाठी २०२६ च्या विम्याला धरलेली ही रेषा २१,१५० डॉलर आहे. मुलाने आईबाबांना आपल्या टॅक्स रिटर्नमध्ये अवलंबून दाखवलं, तर हिशेब मुलाच्या घरच्या उत्पन्नावर होतो. म्हणून रिटर्न भरण्याआधीच सीपीएशी बोलून घ्यावं.

खरी निवड पाच वर्षं भरल्यावर येते. स्वतःची किंवा जोडीदाराची ४० क्वार्टर, म्हणजे साधारण दहा वर्षांची अमेरिकी नोकरी असेल, तर हॉस्पिटलचा 'पार्ट ए' फुकट. मुलाची नोकरी इथे चालत नाही. नोकरी नसेल तर २०२६ मध्ये पार्ट ए महिना ५६५ डॉलर आणि डॉक्टरांचा 'पार्ट बी' २०२.९० डॉलर. दोघांचे मिळून १,५३५.८० डॉलर, औषधांचा 'पार्ट डी' वेगळा. पार्ट ए विकत घ्यावा लागणाऱ्यांना मेडिकेअर न घेता, उत्पन्नात बसत असेल तर मदतीसह, मार्केटप्लेसमध्येच राहता येतं. पार्ट ए फुकट मिळणाऱ्यांची ही मदत मात्र थांबते.

पण मार्केटप्लेसमध्ये थांबणं पुढे महागात पडू शकतं. पार्ट बी घ्यायला उशीर झाला, तर दर पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो आणि ती वाढ बहुतेकांना कायमची चिकटते. मार्केटप्लेसचा विमा होता, ही सबब चालत नाही. त्यामुळे पाच वर्षं पुरी व्हायच्या तीन महिने आधीच सोशल सिक्युरिटी ऑफिसची वेळ घ्यावी. तिथे जाताना कार्ड, पासपोर्टांवरचे शिक्के आणि येण्या-जाण्याच्या तारखांची यादी सोबत ठेवावी. दोन्हींचे आकडे शेजारी मांडून हवे असतील, तर प्रत्येक राज्यात 'शिप' नावाची मोफत सल्लासेवा आहे.