थायरॉईडचा रिपोर्ट कसा वाचावा?



सततचा थकवा, वाढते वजन, केस गळणे, थंडी सहन न होणे, पाळी अनियमित होणे अशा तक्रारी घेऊन आपण दवाखान्यात जातो. रक्त तपासले जाते आणि ‘हायपोथायरॉइडिझम’ असे निदान कानी पडते. रिपोर्टवर एका आकड्यापुढे ठळक खूण दिसते व घरात घबराट पसरते. वास्तविक हा आजार दुर्मिळ नाही. मुंबईसह देशातील आठ शहरांत झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये तो आढळला. म्हणून हा कागद समजून घेणे प्रत्येक घराच्या उपयोगाचे आहे.

ग्रंथीचे कार्य

गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड अर्थात अवटू ग्रंथी असते. ती टी-४ व टी-३ ही संप्रेरके तयार करते. तिला हुकूम देते मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी, आणि तो हुकूम म्हणजेच टी.एस.एच.

आपल्या कारखान्यातलेच उदाहरण घेऊ. प्रॉडक्शन कमी झाले की सुपरवायझरचा आवाज चढतो. माल पुरेसा निघू लागला की तो शांत होतो. तसेच टी-४ कमी पडले की टी.एस.एच. वाढते. म्हणून ‘टी.एस.एच. जास्त म्हणजे थायरॉईड जास्त’ हा समज चुकीचा आहे. अर्थ नेमका उलटा आहे. (पीयूषिकेचाच आजार असेल तर मात्र केवळ टी.एस.एच.वर विसंबता येत नाही.)

आकड्यांचा अर्थ

प्रौढांमध्ये टी.एस.एच. साधारण ०.४ ते ४.५ च्या दरम्यान असते. प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते. म्हणून आपल्याच कागदावर छापलेली मर्यादा पाहावी व शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करावी.

समजा, पहिल्या रिपोर्टमध्ये टी.एस.एच. १८ व फ्री टी-४ मर्यादेपेक्षा कमी आहे. गोळी सुरू झाल्यावर सात आठवड्यांनी टी.एस.एच. ६ व फ्री टी-४ मर्यादेत आले. येथे निराश होऊ नये. सुधारणा आहे, पण डोस अजून पुरेसा नसावा. पुढे टी.एस.एच. २.५ झाले, तर डोस योग्य बसला. उलट ते ०.०५ इतके खाली गेले, तर डोस जास्त होत असावा. त्याने छातीत धडधड होते व हाडे ठिसूळ होतात.

डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबूनच पुन्हा तपासणी करावी. त्याआधीचा आकडा दिशाभूल करतो.

गोळी कशी घ्यावी?

गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी व त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-नाश्ता टाळावा. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. चाकण-भोसरीकडे शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे गोळी चुकते. अशांनी जेवणानंतर किमान तीन तासांनी, झोपताना गोळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असल्यास तपासणीपूर्वी सांगावे. त्यामुळे आकडे चुकीचे येऊ शकतात.

सर्वांत मोठी चूक

‘रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी कशाला?’ असे म्हणून अनेकजण औषध बंद करतात. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे! गोळी बंद केली की काही आठवड्यांत टी.एस.एच. बहुधा पुन्हा चढते. विशेषतः नवविवाहित भगिनींनी हे लक्षात ठेवावे. पहिल्या काही महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्या टी-४ वर अवलंबून असते. दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे. डोस बहुधा वाढवावा लागतो.

सुनेचा किंवा मुलीचा हा आजार लपवू नये. सर्व रिपोर्ट तारखेनुसार एका फाईलमध्ये लावावेत व प्रत्येक भेटीत सोबत न्यावेत. डोस डॉक्टर ठरवतील. पण आपला आकडा कोठून कोठे आला, हे आपल्यालाही सांगता आले पाहिजे.