फेसाचे रसायन : शाखायुक्त अल्किल बेंझीन आणि नदीचे पाणी

कपडे धुण्याची भुकटी आपले काम काही मिनिटांत संपविते. त्यानंतर तिचे काय होते, हा प्रश्न मोरीपाशी सहसा कोणी विचारीत नाही. मोरीतून गटारात, गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जाणाऱ्या या पदार्थाचे भवितव्य पुष्कळ अंशी त्याच्या रेणूच्या आकारावर अवलंबून असते. एकाच कामासाठी वापरले जाणारे, जवळजवळ सारख्याच घटकांचे दोन पदार्थ. पण त्यांतील एक नदीत काही दिवसांत नाहीसा होतो आणि दुसरा दीर्घकाळ तसाच राहतो. हा फरक ध्यानात येण्यापूर्वी अनेक देशांतील नद्या फेसाने भरून गेल्या होत्या.

साबण तेलापासून किंवा चरबीपासून बनतो. विहिरीच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या क्षारांशी त्याचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो आणि साबण वाया जातो. ही अडचण दूर करण्यासाठी संश्लिष्ट प्रक्षालके, म्हणजेच डिटर्जंट, पुढे आली. त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याशी सलगी करते, तर दुसरे लांब शेपूट तेलकट मळाला धरते. दुसऱ्या महायुद्धानंतर खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून प्रोपिलीन वायू मुबलक व स्वस्त मिळू लागला. त्याचे चार रेणू एकत्र जोडून बारा कार्बनांची साखळी करावयाची, ती बेंझीनच्या वलयाला जोडावयाची, नंतर त्यावर गंधकाम्लाची किंवा सल्फर ट्रायऑक्साइडची प्रक्रिया करून शेवटी सोड्याने उदासीन करावयाचे, अशी ही कृती होती. तयार होणारे अल्किल बेंझीन सल्फोनेट स्वस्त होते, जड पाण्यातही उत्तम फेस देत होते आणि मळ चांगला काढीत होते. धुणाऱ्याच्या दृष्टीने त्यात काहीच उणे नव्हते.

उणीव उघड झाली ती सांडपाण्यात. इंग्लंडमध्ये सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांतील वायुमिश्रणाच्या टाक्यांवर फेसाचे थर साचू लागले आणि वाऱ्याबरोबर आसपासच्या वस्तीत उडू लागले. सरकारने १९५३ मध्ये सर हॅरी जेफकॉट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली; तिचा अंतिम अहवाल १९५६ मध्ये आला. जर्मनीत १९५९ च्या कोरड्या उन्हाळ्यात नद्यांचे पाणी आटले आणि बंधारे व जलपाशांजवळ फेसाचे ढीग दिसू लागले. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड भागात तर घरोघरच्या शौचकूपांतून झिरपलेले प्रक्षालक भूजलात उतरले आणि विहिरीच्या पाण्याचा पेला भरताना त्यावर फेस येऊ लागला. आपल्या ग्रामीण भागातील वाचकाने हे शेवटचे उदाहरण विशेष लक्षात घ्यावे.

हा पदार्थ नष्ट का होत नव्हता? पाण्यातील जिवाणू लांब कार्बन साखळीचे अन्न कसे करतात, यात याचे उत्तर आहे. ऊस खाताना आपण शेंड्याकडून एकेक पेर मोडीत जातो, त्याप्रमाणे जिवाणू प्रथम साखळीच्या मोकळ्या टोकावर प्राणवायूचा अणू बसवितात आणि मग दोन-दोन कार्बनांचे तुकडे तोडीत आत सरकतात. साखळी सरळ असेल तर हे काम बिनबोभाट चालते. प्रोपिलीनपासून बनविलेली साखळी मात्र बाभळीच्या फांदीसारखी ठिकठिकाणी फुटलेली असते. ज्या कार्बनाला चारही बाजूंनी दुसरे कार्बनच चिकटलेले आहेत, तेथे तर जिवाणूंची क्रिया अडूनच बसते. उसाच्या पेरावर अभ्यस्त झालेल्या दाताला काटेरी फांदी चावता येत नाही, असेच काहीसे हे आहे. शुद्धीकरण केंद्रातून जाताना या शाखायुक्त सल्फोनेटचा साधारण निम्माच भाग दूर होत असे; उरलेला नदीत जाई आणि पाण्याच्या दर लिटरमागे एखादा मिलिग्रॅम असला तरी फेस आणी.

उपाय रसायनशास्त्राच्या दृष्टीने सोपा होता : शेपूट सरळ करावयाचे. त्यासाठी रॉकेलमधून सरळ साखळीचे घटक सूक्ष्म छिद्रांच्या रेण्वीय चाळणीने वेगळे काढण्याची पद्धत उपयोगी पडली. सरळ रेणू छिद्रात शिरतो, फांद्या असलेला बाहेर राहतो. दहा ते तेरा कार्बनांच्या अशा साखळ्यांपासून सरळ साखळीचे अल्किल बेंझीन बनते. जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९६४ पासून प्रक्षालकातील अशा घटकांचे किमान ८० टक्के जैवविघटन आवश्यक ठरविले. अमेरिकेतील उत्पादकांनी १९६५ च्या मध्यापर्यंत आपण होऊन बदल केला. अर्थात कायद्याची टांगती तलवार त्यांना दिसत होतीच. नवा पदार्थ चांगल्या चाललेल्या केंद्रात ९५ टक्क्यांहून अधिक नाहीसा होतो, असा अनुभव आहे.

येथे एक भेद सांगणे अवश्य आहे. साखळीचे टोक बदलले की रेणूचा फेस आणण्याचा गुण जातो. पण तेवढ्याने तो पदार्थ संपला असे होत नाही. वलयासह सर्व कार्बनांचे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि जिवाणूंचे शरीर यांत रूपांतर होणे, ही पुढची पायरी होय. जुने कायदे पहिल्याच पायरीवर समाधान मानीत. युरोपीय संघाच्या २००४ च्या, ऑक्टोबर २००५ पासून लागू झालेल्या विनियमाने अंतिम विघटनाची अट घातली. २८ दिवसांत किमान ६० टक्के कार्बनाचे कार्बन डायऑक्साइड झाले पाहिजे, असे त्याचे एक परिमाण आहे.

मात्र सरळ साखळीचा हा गुण प्राणवायूवर अवलंबून आहे, आणि आपल्याकडे नेमका याच बाबीचा विसर पडतो. टोकावर अणू बसविण्याच्या पहिल्याच क्रियेला पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. तुंबलेल्या गटारात, सडलेल्या नाल्यात किंवा बंद टाकीच्या तळाशी तो नसतो. तेथे सरळ साखळीचा पदार्थही जवळजवळ तसाच पडून राहतो. हवाबंद टाकीत कुजविलेल्या एक किलो कोरड्या गाळात तो काही ग्रॅमपर्यंत आढळतो, म्हणून डेन्मार्कने शेतात घालावयाच्या गाळासाठी त्याची मर्यादा घातली. शिवाय, विघटन होण्यापूर्वी हा सरळ पदार्थ माशांना जुन्या शाखायुक्त पदार्थापेक्षा अधिक अपायकारक असतो. त्याचा चांगुलपणा लवकर नाहीसे होण्यात आहे. नाहीसे होण्याची संधीच दिली नाही तर तो चांगुलपणा उरत नाही.

भारतात वडोदरा, चेन्नईजवळील मनाली आणि आपल्या रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे सरळ साखळीच्या अल्किल बेंझीनचे कारखाने उभे राहिले. तरीही दिल्लीत ओखला बंधाऱ्याखाली यमुनेवर आणि अलीकडच्या वर्षांत आळंदी येथे इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर पाहावयास मिळाले आहेत. त्यामुळे फेस दिसला की भुकटी शाखायुक्तच असली पाहिजे, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. शुद्धीकरण न झालेले मैलापाणी व कारखान्यांचे पाणी नदीत मिसळते, प्राणवायू संपतो, विघटन थांबते, आणि बंधाऱ्यावरून पडताना पाणी घुसळले जाऊन फेस उठतो. (प्रक्षालकांतील फॉस्फेटमुळे शेवाळ व जलपर्णी माजते, तो प्रश्न निराळा, त्याचा फेसाशी घोटाळा करू नये.)

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० मध्ये अशा प्रक्षालकांची स्वीकार्य मर्यादा दर लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर १ मिलिग्रॅमपर्यंत चालते. ही तपासणी मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाने करतात. तिच्यातून प्रक्षालक किती आहे ते समजते, साखळी सरळ की शाखायुक्त हे समजत नाही. शोषखड्ड्याजवळच्या विहिरीच्या पाण्याला फेस येऊ लागला, तर ग्रामपंचायतीने ही तपासणी मागून घ्यावी. फेस आणणारा पदार्थ तेथवर पोचला असेल, तर त्याच वाटेने इतर मैलही आलेला असण्याचा संभव असतो.

गावोगावी बचत गट धुण्याची भुकटी तयार करतात. त्यासाठी लागणारी ॲसिड स्लरी विकत घेताना ती सरळ साखळीच्या अल्किल बेंझीनपासून केलेली आहे काय, हे विक्रेत्याला विचारून बिलावर लिहून घ्यावे. ही स्लरी तीव्र आम्लधर्मी असते. हातमोजे व चष्मा यांशिवाय तिला हात लावू नये.

शिक्षकांना वर्गात याचा एक साधा प्रयोग करता येईल. बादलीभर पाण्यात चिमूटभर भुकटी विरघळवावी. ओढ्याचे पाणी दोन सारख्या बाटल्यांत अर्धे अर्धे भरावे, मात्र एका बाटलीतील पाणी आधी उकळून थंड करून घ्यावे. दोहोंत बादलीतील द्रावण सारख्या चमच्यांनी, हलविल्यावर बोटभर फेस येईल इतकेच घालावे. तोंडावर सैल कापूस ठेवून बाटल्या सावलीत ठेवाव्यात आणि रोज ठराविक वेळी, बूच लावून, सारखेच हलवून फेसाची उंची पट्टीने मोजून फळ्यावर लिहावी. न उकळलेल्या पाण्यातील फेस पहिले एक-दोन दिवस फारसा घटत नाही, कारण जिवाणूंना या अन्नाची सवय व्हावी लागते. त्यानंतर दोन बाटल्यांतील आकडे एकमेकांपासून दूर जाऊ लागतात.