दारची सदाफुली

सदाफुली कुणी पाहिली नाही? दारात असते, देवळाजवळ असते, उकिरड्याच्या कडेलाही उगवते. मूळची ती मादागास्कर बेटावरची. आता आपलीच झाली आहे.

हिच्या पानांनी मधुमेह बरा होतो, असे पूर्वी लोक मानत. 1950 नंतर कॅनडात नोबल आणि बीअर या संशोधकांनी पानांचा अर्क उंदरांना देऊन पाहिला. साखर काही उतरली नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र कमी झाल्या. रक्ताच्या कॅन्सरमध्ये याच पेशी बेसुमार वाढतात! मग शोध पुढे चालला. त्यातून व्हिन्क्रिस्टीन हे औषध निघाले. 1963 साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते इतर औषधांच्या जोडीने देतात.

म्हणून कुणी पाने वाटून पिऊ नयेत. ती विषारी आहेत. औषध डॉक्टरांनी मोजून, शिरेतूनच द्यायचे असते. ते शिरेबाहेर गेले तर कातडी जळते. सुईपाशी आग झाली तर लगेच नर्सबाईंना सांगावे.

आता केसांचे. कॅन्सरची पेशी एकाची दोन, दोनाची चार अशी वाढते. औषध ही वाढ रोखते. पण केसांच्या मुळांतल्या पेशीही भराभर वाढतात. औषधाला आपले-परके कळत नाही. तण काढताना थोडे पीकही उपटले जाते, तसेच हे. काही आठवड्यांनी उशीवर केस दिसू लागतात. आईच्या पोटात गोळा येतो. शेजारीण म्हणते, "अगं बाई, औषध बाधलं पोरीला! आण तिला घरी." आणि काही जण खरेच उपचार अर्धा टाकतात. केस पुढे परत येतात. अर्धा सोडलेला कॅन्सर मात्र उलटतो. तोवर डोक्याला मऊ फडके बांधावे. पोरीला कुणी चिडवले तर मोठ्यांनी त्याला दटावावे.

आम्हाला वाटते, केसांचीच चिंता फार होते आणि खऱ्या काळजीच्या गोष्टी राहून जातात. या औषधाने बोटांना मुंग्या येतात. सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. चालताना पाऊल नीट उचलत नाही, जबडा दुखतो. शौचाला होत नाही. ते सांगायची लाज धरू नये. डॉक्टर त्यावर औषध देतात. घरचे एरंडेल मनाने पाजू नये. आणि ताप आला तर सकाळची वाट पाहू नये. जोडीच्या औषधांनी पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. अशा वेळी साधा तापही जिवावर बेततो. उपचाराचे कागद बरोबर घ्यावे आणि रात्रीच दवाखान्याकडे निघावे.